अकरा चाळीसचे सात फोन

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं.

दांडेलीकडच्या कुंभारवाडा गावाच्या पलीकडे जंगलात एक लॉज आहे. तिथल्या सात कामगारांच्या फोनवरून त्या दिवशी एक खोटी लिंक उघडली गेली. पहिल्या फोनवरून ११:४० ला. सातव्यावरून ११:४४ ला. दोन फोनांमधलं अंतर प्रत्येक वेळी चाळीस सेकंद.

त्या लॉजवर रेंज नाही. कधीच नव्हती.

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. लिंक उघडणाऱ्यांच्या तिन्ही याद्यांचे छापील कागद माझ्याकडे आहेत. जी माणसं बोलली त्यांना मी दोन-दोनदा भेटलो, वेळा ताडून पाहिल्या. जिथे दोन माणसांचं म्हणणं जुळलं नाही, तो भाग गाळला आहे. लॉजचं नाव मात्र देणार नाही. माझ्या भाचीची नोकरी अजून तिथेच आहे.

भाचीचं नाव सुप्रिया. माझ्या बहिणीची मुलगी, रामनगरची. गणेशगुडीला एका कंपनीच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरचं सगळं काम बघते. कंपनीचे तीन लॉज. माणसं त्रेसष्ट.

गेल्या वर्षी कुणीतरी एका फसव्या मेसेजवर बोट ठेवलं आणि तिन्ही लॉजचं बुकिंग दोन दिवस गायब झालं. तेव्हापासून मालकांनी नियम केला. सुप्रियाने अधूनमधून सगळ्यांना एक खोटा मेसेज पाठवायचा, खरा वाटेल असा. ‘आजची ड्यूटी पाहण्यासाठी इथे दाबा.’ जो दाबेल त्याचं नाव आणि वेळ आपोआप यादीत येते.

पहिल्यांदा दाबलं, तर प्रशिक्षण.

दुसऱ्यांदा दाबलं, तर पुन्हा प्रशिक्षण आणि लेखी ताकीद.

तिसऱ्यांदा दाबलं, तर कायम माणसाची बढती बंद. कंत्राटी माणूस घरी.

नोव्हेंबरच्या यादीत अकरा नावं आली. त्यातली सात त्या एकाच लॉजची. सुप्रियाने लॉजच्या लँडलाइनवर फोन लावला. फोन प्रज्योतने उचलला. तो पाहुण्यांना जंगल दाखवायला नेतो.

“कुणी नेले होते रे सगळे फोन वर?”

“वर? कोण जातंय ताई वर? नागूमामा गेल्यापासनं त्या धोंड्यावर कुत्रंबी फिरकत न्हाई.”

“मग सात जणांनी दाबलं कसं?”

“सातांनी? आमच्यात सात जणं एका टायमाला जेवायलाबी बसत न्हाईत!”

तो हसला. सुप्रियाही हसली.

इथे नागूबद्दल सांगावं लागेल.

नागू वेळीप त्या लॉजवर एकोणीस वर्षं होता. आधी झाडलोट, मग स्वयंपाकघर. कंपनीने सगळ्यांना फोन दिले आणि रोज बाराच्या आत ड्यूटीचा मेसेज उघडून ‘पाहिलं’ दाबायची सक्ती केली. न दाबलं तर त्या दिवसाचा खाडा. म्हणजे गैरहजेरी. पण रेंज नव्हती. रेंज येते ती लॉजच्या मागच्या चढावर, पंचवीस मिनिटं चालून गेल्यावर. ऐनाच्या झाडाखाली एक मोठा धोंडा आहे, तिथे.

सगळ्यांनी रोज चढायचं कशाला? त्यांनी वाट काढली. नागूने एका पिशवीत आठही फोन घालायचे, सव्वा अकराला निघायचं, धोंड्यावर बसायचं आणि एकेकाचा फोन काढून मेसेज उघडायचा. कुलूप उघडायचा आकडा सगळ्या फोनांना एकच ठेवला होता. नागूला वाचायला जेमतेम यायचं. मेसेज कसला आहे हे तो बघत नसे. जे येईल ते दाबायचं. ठरलेल्या क्रमाने. स्वतःचा फोन सगळ्यात शेवटी.

२ सप्टेंबर २०२४ ला तो दुपारी परतला नाही.

प्रज्योत वर गेला. नागू धोंड्याला टेकून बसला होता. छातीत कळ आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. सात फोन उघडून झाले होते, पिशवीत परत ठेवलेले. आठवा त्याच्या हातात होता. स्वतःचा.

तो उघडायचा राहिला होता.

कंपनीच्या हजेरीत त्या दिवशी नागूचा खाडा आहे. मी स्वतः पाहिला.

त्यानंतर त्या लॉजला फोनमधून सूट मिळाली. ड्यूटी लँडलाइनवर कळवली जाऊ लागली. फोन स्वयंपाकघरातल्या खणात पडून राहिले. नागूचा फोन आणि त्याच्या जागेवरचं काम त्याच्या बायकोला मिळालं. रुक्मा. कंत्राटावर. त्या फोनवर आता तिचं खातं घातलं होतं. मुलगी मयूरी दांडेलीला कॉलेजात, हॉस्टेलवर. घरात कमावणारं दुसरं कुणी नाही.

यादीत रुक्माचं नाव चौथं होतं. नागू जो क्रम पाळायचा, त्यात चौथा फोन लॉजवरच्या सुंदरीचा असे. सुंदरी काम सोडून गेली होती, तिचा फोनही परत गेला होता.

चौथी जागा आता रुक्माला दिली होती. कुणी दिली, ते माहीत नाही.

नोव्हेंबरअखेर प्रशिक्षण झालं. खोटा मेसेज कसा ओळखायचा, हे सुप्रियाने पडद्यावर दाखवलं. चहा झाला. रुक्माने सगळ्यांचे कप गोळा केले. निघताना एवढंच म्हणाली, “बाय, मी न्हाई दाबलं. मला त्यातलं काय कळत न्हाई. कळलं असतं तरीबी विचारल्याबिगर दाबलं नसतं.”

दुसरी चाचणी १२ डिसेंबरला.

११:४०. पुन्हा तेच सात. चाळीस-चाळीस सेकंदांनी. तोच क्रम.

‘कुठून’ हा रकाना त्या सातांपुढे कोरा होता. बाकी सगळ्यांपुढे गावाचं नाव होतं.

आणि सातव्या नावाखाली... ११ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी... आठवं नाव.

नागू वेळीप.

त्याचं खातं बंद करायचं राहून गेलं होतं. आणि ज्या फोनवर ते होतं, त्यावर आता रुक्माचं खातं होतं.

सुप्रिया म्हणते, तेव्हा तिला भीती वाटली नाही. राग आला. कुणीतरी मेलेल्या माणसाच्या नावाने चेष्टा करतंय, असं वाटलं.

जो लिंक दाबतो, त्याला एक फॉर्म आपोआप जातो. त्यात एकच प्रश्न. ‘तुम्ही ही लिंक का उघडली?’ लोक बहुतेक कोरा सोडतात. दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म तपासले. लॉजचे सातही कोरे होते. रुक्माचाही कोरा. आठव्यात उत्तर होतं. वेळ ११:४५.

‘न्हाई उघडली तर खाडा पडतो.’

तिने तो कागद छापला आणि मॅनेजर गणपतींच्या टेबलावर ठेवला. गणपतींनी चष्मा वर केला.

“कोण करतंय हे? प्रज्योत?”

“त्याच्याकडे पाहुणे होते सर त्या वेळी. आठ जण साक्षीला आहेत.”

“मग भूत म्हणू?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हणूही नकोस. खातं बंद कर नागूचं. आज. आणि ऐक, फेब्रुवारीत तिसरी चाचणी. ती यादी मी वर पाठवणार आहे. जशीच्या तशी.”

तिने खातं बंद केलं. शुक्रवार, १३ डिसेंबर, दुपारी साडेतीन.

तिसरी चाचणी म्हणजे रुक्माचं काम जाणार, हे उघड होतं. बाकी सहाजण कायम होते, त्यांची फार तर बढती थांबली असती. रुक्माने तिला लँडलाइनवरून फोन केला. रडली वगैरे नाही. “बाय, मयूरीचं एक वरीस ऱ्हायलंय. एवढं एक वरीस मला हितं ठेव. कायतरी कर.”

सुप्रियाने ठरवलं, आपण स्वतः तिथे जाऊन बसायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५.

सकाळी दहाला सगळ्यांना मेसेज जाईल, अशी व्यवस्था तिने आदल्या दिवशीच करून ठेवली होती. साडेदहाला ती जीपने लॉजवर पोचली. स्वतःचा फोन जीपमध्येच ठेवला. खणातले सात फोन काढले. एकेक तपासून बंद केला. तांदळाचा रिकामा स्टीलचा डबा घेतला, त्यात सातही ठेवले, झाकण घट्ट बसवलं आणि डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर समोर घेऊन बसली.

रुक्मा शेजारी बसली. प्रज्योत दारात.

“डब्यात घालून काय शिजवणार ताई?”

“गप बस.”

“मीठ घालू का थोडं?”

रुक्मासुद्धा हसली. त्या दिवशी पाहुणे नव्हते. बाहेर लख्ख ऊन होतं. ऐनाच्या झाडांवर किडे किरकिरत होते. लांब कुठेतरी धनेशाच्या पंखांचा आवाज होत होता, भाता चालावा तसा.

भिंतीवर घड्याळ होतं.

अकरा पस्तीस.

अकरा अडतीस.

मग किडे थांबले.

एकदम. सगळे.

प्रज्योतने बाहेर पाहिलं. झाडं हलत नव्हती. सुप्रियाच्या कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज यायला लागला.

आणि डब्यातून...

टक.

काचेवर नख टेकवावं, तसा. एकदाच.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

चाळीस सेकंदांनी पुन्हा.

टक.

“पयला प्रज्योतचा,” रुक्मा हळूच म्हणाली. “आता हा मारुतीचा.”

प्रज्योतने दाराची चौकट धरली.

टक.

“हा चंद्राचा.”

सुप्रियाचा हात झाकणाकडे गेला. रुक्माने तो धरला आणि नुसती मान हलवली. चौथ्या आवाजाच्या आधी रुक्माने पदर सारखा केला. सुप्रियाला ते नीट आठवतं. माणूस घरात येताना बाई करते, तसं.

टक.

“हा माझा,” ती म्हणाली.

पाच. सहा. सात.

मग शांतता. सुप्रियाने मनात चाळीस आकडे मोजले. एकेचाळीस. पंचेचाळीस. आठवा आवाज आला नाही.

“संपलं,” प्रज्योत म्हणाला.

रुक्मा डब्याकडेच बघत होती.

“त्याचा ऱ्हायला,” ती म्हणाली. मग सुप्रियाकडे वळली. “त्याचं नाव काढलास काय बाय?”

“हो अक्का. डिसेंबरात. सरांनी सांगितलं.”

आणि तेव्हा डब्यात...

टक टक. टक टक टक.

भराभर. इथे, तिथे, तळाशी, झाकणाला आतून. पिशवीत हात घालून आपला फोन सापडत नसला की माणूस चाचपडतो, तसं. डबा ओट्यावर थरथरायला लागला. सरकत कडेपर्यंत आला. प्रज्योत अंगणात पळाला.

रुक्माने डाव्या हाताचा पंजा झाकणावर ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे आता. मी बघतो काय ते.”

थांबलं.

थोड्या वेळाने एक किडा किरकिरला. मग दुसरा.

झाकण उघडलं तेव्हा सातही फोन बंद होते. रचून ठेवले तसेच होते. तळाला तांदळाचा एक दाणा होता, बस.

दुपारी चारला सुप्रिया गणेशगुडीला पोचली. यादी तयार होती. सात नावं. ११:४० ते ११:४४. ‘कुठून’ कोरं.

तिने दोन पानी अहवाल लिहिला. फोन बंद होते, माझ्या नजरेसमोर होते, लिंक या माणसांनी दाबलेली नाही. खाली सही केली. गणपतींनी तो वाचला. दोनदा वाचला, असं ती म्हणते.

“वरती काय लिहू मी? डब्यानं दाबलं?”

“माझं नाव साक्षीदार म्हणून लिहा.”

“मग तुझीपण जागा खाली होईल. यादी ती यादी, सुप्रिया.”

रुक्माला २८ फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली.

सुप्रियाने शेवटचा उपाय काढला. यादीतून एक ओळ गाळायची. हे चुकीचं होतं आणि ते तिला माहीत होतं. तिने रुक्माला विचारलं. रुक्माने जे उत्तर दिलं, ते मी दोघींकडूनही स्वतंत्रपणे ऐकलं. शब्द जवळजवळ तेच आहेत.

“माझं नाव ऱ्हाऊ दे. त्याचं परत घाल.”

“अक्का, काम जाईल तुमचं.”

“जाऊ दे. एकोणीस वर्सं तेनं एक दिवस चुकवला न्हाई. शेवटच्या दिसाला गैरहजर लावलं. त्यापायी तो वर चढतोय रोज. मला रोज दिसतंय ते. एवढं कर बाय.”

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. रुक्माचा शेवटचा दिवस. सुप्रियाने कुणाला न विचारता नागूचं खातं पुन्हा चालू केलं आणि त्याला एक खरा ड्यूटीचा मेसेज पाठवला.

११ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंद. ‘पाहिलं.’

हजेरीत नाव चढलं.

एप्रिलच्या चाचणीत त्या लॉजचं एकही नाव आलं नाही. गणपती म्हणाले, प्रशिक्षणाचा परिणाम. सुप्रियाने नागूचं खातं बंद केलं नव्हतं. डब्यातला तो आवाज ऐकल्यावर तिचं धाडसच झालं नाही. रोज ११:४४ ला तो हजर होत होता. रोज. रविवारीसुद्धा.

तिची चूक एकच. हजर माणसाला कॉम्प्युटर आपोआप काम वाटून देतो, हे ती विसरली.

लॉजवर आता जीपने ड्यूटीचा छापील कागद यायचा, त्यात नागूचं नाव असायचं. प्रज्योत ते पेनने खोडायचा. सुप्रियाला फोन करून एकदा म्हणालाही, “ताई, मामाला कालपण भांडी लावलीत. आज आराम द्या.” ही त्याची भीती झाकायची पद्धत.

रविवार, ११ मे. कागदावर होतं, ‘नागू वेळीप, पाहुण्यांना फिरवणे, दोन.’

प्रज्योत त्या सकाळी दुसऱ्या पाहुण्यांना कॅसलरॉक स्टेशनवर सोडायला गेला होता. कागदावरचं नाव खोडायचं राहिलं. हुबळीचं एक जोडपं फाटकाजवळ थांबलं होतं. दोघंही साठीचे, निवृत्त. प्रज्योत परत आला तेव्हा फाटकाजवळ कुणी नव्हतं.

सव्वा वाजता दोघं मागच्या चढावरून चालत खाली आले. एकटेच. पण खुशीत.

“तुमचा माणूस छान आहे हो,” बाई म्हणाल्या. “बोलत नाही फार. पण काय वाट माहीत आहे त्याला!”

“कोण माणूस?”

“तो काय, पिशवीवाला. आमचे फोन मागून घेतले त्यानं. आम्हाला वाटलं, इथला नियम असेल.”

“फोन कुठं हायत?”

“त्याच्याकडेच. म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, माझं काम ऱ्हायलंय.”

स्वयंपाकघरात नागूचा फोटो लावला आहे, हार घालून. प्रज्योतने हार काढला, फोटो उतरवून बाहेर आणला. बाईंनी तो उन्हात तिरका धरून पाहिला.

“हो, हाच. फोटोत जरा बारीक दिसतो.”

फोन धोंड्यावर मिळाले नाहीत. झाडाखाली, चढावर, ओढ्यात, कुठेही नाहीत. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली आहे. मी १९ मे रोजी दोन्ही नंबरांवर फोन केला. रिंग जाते. कुणी उचलत नाही.

सुप्रियाने खातं बंद करायचा दोनदा प्रयत्न केला. बंद होतं. दुसऱ्या दिवशी ११:४४ ला हजेरी लागलेली असते. हे का होतं, हे तिला सांगता येत नाही. कंपनीच्या बेंगळूरच्या तंत्रज्ञांनाही सांगता आलेलं नाही.

मी रुक्माला भेटलो. ती आता रामनगरला एका खानावळीत स्वयंपाक करते. मी विचारलं, परत बोलावलं तर जाल का?

“जाईन की.”

“त्याला थांबवाल?”

तिने पोळी उलटली.

“थांबवायला न्हाई,” ती म्हणाली. “तेला आता माणसं लागतात बरोबर. दुसऱ्याची न्हेण्यापरीस आपलंच माणूस गेलेलं बरं.”

मी वही मिटली.

रुक्माला लॉजवर परत घ्यावं, असा अर्ज सुप्रियाने १५ मे रोजी दिला. झाकणावर हात ठेवून त्याला थांबवणारी ती एकटीच, एवढंच सुप्रियाला माहीत आहे. रुक्मा मला काय म्हणाली, ते मी भाचीला अजून सांगितलेलं नाही.

आज शुक्रवार, २३ मे. उद्याच्या ड्यूटीचा कागद दुपारी लॉजवर गेला. ‘नागू वेळीप, पाहुण्यांना फिरवणे, चार.’ पाहुण्यांत दोन लहान मुलं आहेत. प्रज्योत रजेवर आहे.

सायंकाळी साडेपाचपर्यंत अर्जावर सही झालेली नव्हती.